गाव क्रमांक सात

जया पचारे डॉक्टर झाली ही बातमी गावात पसरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला म्हातारा नथ्थू एका हाताने कान धरून तिच्या ओट्यावर येऊन बसला. कान चार दिवसांपासून ठणकत होता. त्याच्या मागोमाग एक खोकला आला, एक गुडघेदुखी आली, आणि नऊ वाजेपर्यंत मनसाराम पचाऱ्याच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. चूक त्यांची नव्हती. आदल्या दिवशी मनसारामने स्वतःच नागभीडहून पेढे आणून घरोघरी वाटले होते आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं होतं, की आपली पोरगी डॉक्टर झाली.

जयाने एकेकाला समजावून सांगितलं. आपली डॉक्टरकी पीएच.डी.ची आहे. हत्तीपाय ज्या कृमीमुळे होतो त्या कृमीवर आपण सहा वर्षं काम केलं, पण कान तपासायचा आपल्याला अधिकार नाही. लोक मान हलवत उठले. नथ्थूला मात्र ती स्वतः उपकेंद्रात घेऊन गेली. परत आली तेव्हा मनसाराम जाळ्याची फाटकी वीण सांधत बसला होता. त्याने वर न बघताच विचारलं, "सुई देत नाई, गोळी देत नाई. मंग इतके वर्स का शिकली बाई तू?"

"बिमारी शिकली, बाबा. इलाज नाई शिकली," जया म्हणाली.

बोलून गेली खरी, पण ते वाक्य तिचं तिलाच टोचलं.

गाव नागभीडपासून अकरा किलोमीटर. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली शेतं, आणि मध्ये मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. तलावाच्या पाळीला लागून मासोळी धरणाऱ्या ढिवरांची तीस-पस्तीस घरं. मनसारामचा जन्म तलावात गेला. पावसाळ्यानंतर शिंगाडा, मग मासोळी, आणि तलाव आटला की दुसऱ्याच्या शेतात मजुरी. त्याने धरलेली मासोळी कुंता, त्याची बायको, टोपलीत घालून नागभीडच्या बाजारात विकायची. जया तिसरीत होती त्या वर्षी कुंताचा डावा पाय घोट्यापासून फुगायला लागला आणि दोन-तीन वर्षांत गुडघ्यापर्यंत भरला. कुंता लुगडं खाली ओढून नेसू लागली. लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसू लागली. बाजार मात्र तिने सोडला नाही. वर्षातून चार-पाच वेळा थंडी वाजून ताप भरायचा, पाय लालबुंद होऊन तव्यासारखा तापायचा, आणि आठवडाभर ती खाटेवर पडून राहायची. गावात असे पाय आणखी होते. देवीच्या कोपापासून नासक्या पाण्यापर्यंत त्यांची अनेक कारणं सांगितली जात, आणि कारण सांगून झालं की विषय संपायचा.

जया आठवीत असताना गावात एक पथक आलं. या रोगाचे किडे अंधार पडल्यावरच रक्तात उतरतात, म्हणून पथकाने शाळेत मुक्काम ठोकून रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांची बोटं टोचली आणि काचपट्ट्या भरून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पथकातल्या एका मॅडमने शाळेच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आणि जमलेल्या पोरांना एकेक करून डोळा लावू दिला. जयाला काचेवर दोऱ्याचा वेडावाकडा तुकडा दिसला, जांभळ्या रंगात बुडालेला, केसाहून बारीक. हे कुणाच्या रक्तातलं, असं तिने विचारलं. ते सांगता येत नाही, पण तपासणी पूर्ण झाली की गावाला कळवू, असं मॅडम म्हणाल्या. जीप निघून गेली. कुंताने काही महिने वाट पाहिली, मग तीही विसरली. जया तो दोरा विसरली नाही.

ब्रह्मपुरीला बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी., तिथेच पीएच.डी. त्या किड्याच्या अंगातल्या एका प्रथिनाचा तिने सहा वर्षं पिच्छा पुरवला. किड्याचे नमुने दुसऱ्या राज्यातून बर्फात घालून यायचे. त्या सहा वर्षांत तिने कामासाठी एकही रुग्ण पाहिला नाही. सुट्टीत घरी आली की मायचा पाय समोर असायचा, तेल गरम करून ती चोळूनही द्यायची. पण प्रयोगशाळेतला किडा आणि घरातला पाय या दोन गोष्टी तिच्या मनात दोन वेगळ्या खोल्यांत राहत. त्यांच्यामधलं दार उघडावं असं तिला कधी सुचलं नाही. तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

पीएच.डी. झाल्यावर पुढची पायरी पोस्टडॉकची. एखाद्या जाणत्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं राहायचं, नवी हत्यारं शिकायची, स्वतःचा प्रश्न उभा करायचा. त्याशिवाय या क्षेत्रात कायमची जागा मिळणं कठीण. जागा देशात असतात, परदेशात असतात, पण त्या फळ्यावर लावलेल्या नसतात. शोधाव्या लागतात, अनोळखी माणसांना पत्रं लिहावी लागतात, आणि बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. जया नागभीडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि रिकाम्या तासाला ग्रंथालयातल्या संगणकावर बसून पत्रं लिहू लागली. दीड वर्षात एकेचाळीस पत्रं गेली. सहा उत्तरं आली. त्यातली पाच नकाराची, पण सभ्य.

सहावं उत्तर जर्मनीहून आलं.

तिथल्या प्राध्यापक बाई चाळीस वर्षं याच किड्याच्या मागे होत्या. जयाने त्यांचे लेख पाठ म्हणावेत इतके वाचले होते. मुलाखत संगणकावरून व्हायची होती. प्राचार्यांनी त्या दुपारी स्वतःची केबिन तिला उघडून दिली आणि बाहेर शिपायाला बसवलं. प्राध्यापक बाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. प्रथिनाबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं, जयाने न अडखळता सांगितलं. मग तिच्या गावाबद्दल विचारलं. किती रुग्ण असतील, लोक रक्त देतील का, तिच्यावर विश्वास ठेवतील का. शेवटी त्यांनी आपली अडचण मांडली. त्यांना अशा भागातून तीनशे माणसांचे रक्तनमुने हवे होते, आणि बाहेरच्या पथकांना लोक आता दाद देत नव्हते. परवानग्यांचं काम त्यांची भारतातली सहयोगी संस्था बघेल. जया नमुने उभे करू शकली तर दोन वर्षांची जागा तिचीच.

जया हो म्हणाली. केबिनमधून बाहेर पडताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी सांगितलं तेव्हा मनसारामने तलावातली सगळ्यात मोठी मरळ त्या दिवशी बाजारात जाऊ दिली नाही. घुग्घुसला सिमेंट कारखान्यात काम करणारा भाऊ भूपेश फोनवर दोनदा विचारत होता की तिकडे थंडी किती असते.

रक्त घ्यायला परवानगी यायची होती, पण कोण तयार आहे त्याची यादी करायला हरकत नव्हती. जया मायला सोबत घेऊन घरोघर फिरू लागली. ढिवर मोहल्ल्यात कुणी नाही म्हटलं नाही. कुंताची पोरगी मागते म्हणजे द्यायचं. तीन दिवसांत साठ नावं झाली. चौथ्या दिवशी त्या दोघी गावाच्या वरच्या अंगाला कमळाबाईकडे गेल्या.

कमळाबाई धानाची शेती करणाऱ्या घरातली. वय पन्नाशीचं, दोन्ही पायांना सूज, उजव्याला जास्त. तरीही रोवणीला बांधीत उतरणाऱ्या बायांच्या रांगेत ती पहिली असायची. तिने दोघींना घरामागच्या सांदवाडीत नेलं, खाट टाकली, पाणी दिलं. जयाने सगळं नीट सांगितलं. कमळाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुही माय आन मी एकाच दिवशी रगत देल्लं होतं. शाळंत. तू तवा इतकीशी होती. त्याच्यात का निंगालं?"

जयाने हातातली यादी मिटली.

"मी नाई म्हणत नाई," कमळाबाई पुढे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पण आंधी त्या रगताचं सांग. मंग दुसरं घे."

कुंता आपल्या लेकीकडे बघत होती. तिलाही तेच विचारायचं होतं हे जयाला त्या क्षणी कळलं. इतक्या वर्षांत मायने विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून जया त्या जुन्या पथकाचा माग काढू लागली. पथक कुठून आलं होतं ते गावात कुणालाच आठवत नव्हतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंची नेमणूक अलीकडची. मग जयाने उलट्या बाजूने सुरुवात केली. असं काम झालं असेल तर त्यावर कुणीतरी लेख लिहिला असेल. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात तो सापडला. दोन हजार पाच साली छापलेला, अकरा पानांचा. पूर्व विदर्भातल्या बारा गावांची पाहणी. गावांची नावं दिली नव्हती, फक्त क्रमांक होते. पण सातव्या गावाचं वर्णन तिने एकदा वाचलं आणि परत वाचलं. रेल्वे जंक्शनपासून अकरा किलोमीटर, मोठा तलाव, तलावाकाठी मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची वस्ती, लोकसंख्या इतकी. पाहणीचा महिना नोव्हेंबर.

गाव क्रमांक सात म्हणजे तिचं गाव.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण लेखाचं शीर्षक तिला ओळखीचं वाटत होतं. का, ते आठवेना. घरी येऊन तिने आपला प्रबंध काढला, निळ्या कापडी बांधणीचा, आणि शेवटची संदर्भांची यादी बोटाने खाली उतरत वाचली. चौतिसावा संदर्भ तोच होता. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की पूर्व विदर्भातल्या काही गावांत या रोगाचं प्रमाण लक्षणीय आढळलं आहे. आकडा उचलला, पुढे गेली. आपल्या मायचं रक्त त्या आकड्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण आकड्यापलीकडे तिने पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी चुलीजवळ बसून तिने ते कुंताला सांगितलं. कुंता मासोळी साफ करत होती. तिने कोयता खाली ठेवला.

"म्हंजे माहं रगत तुह्या पुस्तकात हाये."

"हाये, माय."

"आन माह्याबद्दल का लिवलं हाये?"

"काईच नाई. सव्वीस जणांत किडे भेटले, इतकंच. त्यात तू हाये का नाई, ते कोनाले मालूम नाई."

कुंताने पुन्हा कोयता उचलला. लेकीवर रागावण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. जयाला मात्र जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी तिने जर्मनीला पत्र लिहिलं. दोन गोष्टी मागितल्या. ज्याचं रक्त घेतलं त्या प्रत्येकाला त्याचा निकाल त्याच्या भाषेत सांगितला जावा, आणि ज्यांचे पाय सुजले आहेत त्यांची निदान वर्षभर काळजी घेण्याची सोय प्रकल्पात असावी. प्राध्यापक बाईंचं उत्तर लांबलचक आलं. त्यांनी काही लपवलं नाही. मागणी योग्य आहे, असं त्यांनी लिहिलं. पण मंजूर झालेल्या प्रकल्पात तशी तरतूद नाही, नव्याने मागायला वर्ष जाईल, आणि काम तर एप्रिलला सुरू व्हायला हवं. नमुन्यांना गुप्त क्रमांक असल्याने माणसागणिक निकाल परत देणंही त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. जयाने पंधरा दिवसांत निर्णय कळवावा. तिचा नकार आला तरी त्यांच्या मनात किंतू राहणार नाही.

जयाने पंधराही दिवस घेतले. शेवटच्या दिवशी नकार कळवला.

मनसारामला तिने ते तलावावर जाऊन सांगितलं. तो डोंग्यात उभा होता. त्याने ऐकलं, वल्हं पाण्यात घातलं आणि डोंगा आत नेला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो भलत्याच गोष्टीबद्दल, शिंगाड्याच्या वेलीला लागलेल्या किडीबद्दल. जर्मनीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. जया दर सोमवारी शिकवायला जाण्यासाठी नागभीडच्या बसमध्ये चढायची आणि आपण मोठी चूक केली असं तिला दर सोमवारी वाटायचं. लोकांच्या भल्याचं काही केलं असं म्हणावं, तर तेही नाही. काहीच केलं नव्हतं. एक गोष्ट फक्त करायची टाळली होती.

जुलैत रोवणी लागली आणि आठवड्याभरात कमळाबाई तापाने पडली. जया बघायला गेली. पाय मांडीपर्यंत लाल झाला होता. उपकेंद्रातल्या नर्सबाई, जया वासेकर, तिथे आधीच आल्या होत्या. नावं सारखी असल्याने गावात नर्सबाईंना नर्सजया आणि पचाऱ्याच्या जयाला किडेजया म्हणत. नर्सबाईंनी औषध दिलं आणि मग कमळाबाईच्या पायाची बोटं एकेक करून विलग केली. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटली होती. त्या म्हणाल्या, ताप किड्याचा नसतो, या फटीतून जंतू शिरतात त्याचा असतो. रोज साबणाने धुवायचं, कापडाने एकेक बेचकी कोरडी करायची, पाय उंचावर ठेवून निजायचं. पाय जुन्यासारखा होत नाही, पण ताप थांबतो. हे आपण दर वेळी सांगतो, आणि बाया हो म्हणतात.

जयाने सहा वर्षांत किड्याबद्दल जे वाचलं होतं त्यात बोटांच्या बेचक्या कुठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांदवाडीतल्या धुण्याच्या दगडावर मायला बसवलं आणि तिचा पाय स्वतःच्या हाताने धुतला. मग रोज धुऊ लागली. हळूहळू शेजारच्या बाया येऊ लागल्या. आठ झाल्या, मग चौदा. कमळाबाई बरी झाल्यावर तीही आली. जयाने एक वही केली. कुणी किती दिवस धुतलं, कुणाला कधी ताप आला, कोण त्या दिवशी कुठे कामाला होतं. संशोधनासाठी नव्हतं ते. हाताला सवय होती म्हणून लिहीत होती.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत वहीत एक गोष्ट दिसू लागली. कुंताला वर्षभरात एकदाच ताप आला. तलावाकाठच्या बाकीच्या बायांचंही तसंच. कमळाबाईने एक दिवस न चुकवता पाय धुतले, तरी तिला चार वेळा ताप आला. बांधीत उतरणाऱ्या इतर बायांनाही आला. शिंगाडे आणि मासोळी काढायला तलावात उतरणाऱ्या बाया असोत की बांधीत राबणाऱ्या, पाय दिवसभर ओलेच असत. मग तलावाच्या पाण्यात आणि बांधीच्या चिखलात फरक काय? जया वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. पीएच.डी.च्या सहा वर्षांत दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती शोधत होती. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

तिने पुन्हा पत्रं लिहायला घेतली. या वेळी एकेचाळीस नाही, तीनच. देशात वैद्यकीय संशोधनासाठी पोस्टडॉक शिष्यवृत्त्या असतात. त्यांना अर्ज करायचा तर जागा देणारी संस्था आणि मार्गदर्शक आपणच शोधावे लागतात. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. साधना बोरकुटे यांनी तिला भेटायला बोलावलं. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी वहीचं पान न् पान उलटलं.

"ही वही म्हणजे विज्ञान नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण प्रश्न बरोबर आहे. तुम्हाला जंतू वाढवता येतात?"

"नाही, मॅडम."

"मग शिका. शनिवारी या."

जया वर्षभर शनिवारी नागपूरला गेली. पहाटेची गाडी, दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी परत. पहिल्या वर्षीचा अर्ज नाकारला गेला. परीक्षकांनी लिहिलं होतं की नमुना लहान आहे आणि अर्जदाराचा या विषयातला अनुभव तोकडा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. डॉ. बोरकुट्यांनी ते पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे काय करायचं ते पेन्सिलीने लिहून दिलं. दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा गेला. वयाची अट ओलांडायला पाच महिने उरले होते.

दिल्लीच्या मुलाखतीत पाच जण बसले होते. त्यातल्या एकांनी विचारलं की परदेशातली जागा सोडल्याचं शिफारसपत्रात दिसतं, ते का. जयाने कमळाबाईने विचारलेलं सांगितलं. जास्त काही बोलली नाही. दुसऱ्यांनी विचारलं, समजा चिखलात आणि पाण्यात फरक निघालाच नाही, तर?

"तर फरक नाही असं त्या बायांना सांगीन," जया म्हणाली, "आणि वहीत काय चुकलं ते शोधीन."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते तिला वाचता आलं नाही. सात आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं, तीन वर्षांचं. मनसारामला सांगायला ती तलावावर गेली तेव्हा तो पाळीवर जाळं वाळवत होता. त्याने विचारलं, कुठी? नागपूर, आन इथी, ती म्हणाली. तो काही वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "इथी असन, तर मले बी काम सांगजो." आणि खरोखर, तलावाचं आणि बांध्यांचं पाणी दर पंधरा दिवसांनी बाटल्यांत भरून, वर तारखेची चिठ्ठी लावून ठेवायचं काम पुढे त्यानेच केलं. त्याची एकही चिठ्ठी चुकली नाही.

रक्त देणाऱ्यांच्या संमतीचे कागद मराठीत होते. जयाने ते शाळेच्या ओसरीत मोठ्याने वाचून दाखवले. तपासणी आता सोपी झाली होती. दिवसा बोटातून थेंबभर रक्त घेतलं की दहा मिनिटांत पट्टीवर रेघ उमटायची किंवा नाही. निकाल ज्याचा त्याला, आतल्या खोलीत, तिथल्या तिथे सांगायचा असं तिने ठरवलं होतं. कमळाबाई सगळ्यात आधी आली. तिच्या पट्टीवर रेघ आली नाही. म्हणजे किडे केव्हाच मेले, मागे नुकसान तेवढं उरलं. कमळाबाईने ते ऐकून घेतलं.

"म्हंजे वैरी निंगून गेला, आन घर मोडून गेला," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन आपल्या धाकट्या पोरीला हाताला धरून आत घेऊन आली.

रोशनी एकोणीस वर्षांची, नागभीडला बी.ए. करत होती. पाय दोन्ही सरळ, निरोगी. आपल्याला काही झालेलं नाही म्हणून ती यायला तयार नव्हती. तिचं बोट टोचलं. आठव्या मिनिटाला पट्टीवर फिकट गुलाबी रेघ दिसू लागली. दहाव्या मिनिटाला ती स्पष्ट होती.

जयाने दार लोटून घेतलं. रोशनीला तिने शांतपणे सांगितलं की किडे तिच्या अंगात आहेत, पण पाय अजून चांगले आहेत, आणि या टप्प्यावर औषध लागू पडतं. मग विचारलं की दर वर्षी वाटतात त्या हत्तीरोगाच्या गोळ्या ती घेते का. रोशनीने आईकडे बघितलं. कमळाबाईने मान खाली घातली. गोळ्यांनी चक्कर येते असं कुणीतरी सांगितलं होतं. वाटायला येणाऱ्या बाईच्या समोर हातात घ्यायच्या आणि ती वळली की धान साठवायच्या ढोलीमागे टाकायच्या, अशी त्या घरची रीत होती. गोळ्या रोशनीच्या हातात दर वर्षी पडत होत्या. पोटात एकही गेली नव्हती.

"माह्याच हातानं फेकल्या," कमळाबाई म्हणाली. एवढंच. ती रडली नाही, पण पदराचं टोक तिच्या मुठीत बराच वेळ आवळलेलं राहिलं.

त्याच दुपारी जया दोघींना घेऊन नर्सबाईंकडे गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी रोशनीला बारा दिवसांचा औषधोपचार लिहून दिला. पहिल्या दोन दिवशी तिला ताप आला, अंग दुखलं. असं होईल हे जयाने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घर घाबरलं नाही. बाराही दिवस कमळाबाई लेकीच्या पुढ्यात बसून, तिने गोळी गिळल्यावर तोंड उघडायला लावून बघायची. पुढच्या फेरीला गोळ्या वाटणाऱ्या बाईबरोबर ती स्वतः दारोदार फिरली आणि स्वतःच्या घरातली गोष्ट लोकांना जशीच्या तशी सांगितली. त्या वर्षी वरच्या अंगाला ढोलीमागे गोळ्या फार गेल्या नसाव्यात.

शिष्यवृत्तीचं आता दुसरं वर्ष चालू आहे. चिखल आणि पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरतं लागलेलं नाही. बांधीत राबणाऱ्या बायांच्या बेचक्यांत काही जंतू जास्त सापडतात असं दिसतं, पण ते चिखलातून येतात की धानाच्या खोडांनी कातडी खरचटते म्हणून त्यांना वाट मिळते, हे जयाला खात्रीने सांगता येत नाही. डॉ. बोरकुटे म्हणतात, घाई करू नका. पावसाळ्यात ती गावात असते, हिवाळ्यात नागपुरात. गेल्या महिन्यात तिला ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयाने पोस्टडॉकच्या संधींवर बोलायला बोलावलं होतं. मुलींनी विचारलं की अर्ज कसा लिहायचा. तिने नाकारलेला पहिला अर्ज आणि त्यावरची पेन्सिलीची टिपणं पडद्यावर दाखवली, आणि त्यातच तासभर गेला.

परवा ती नमुने घेऊन नागपूरला निघाली. थर्माकोलचा डबा मांडीवर होता, त्यात बर्फ आणि बर्फात अडतीस नळ्या. कुंता बाजाराची टोपली घेऊन त्याच बसमध्ये पुढच्या बाकावर बसली होती. पाय तिने मोकळेपणाने समोर पसरला होता, बाजूच्या बाईशी भाव-बाजाराच्या गप्पा चालल्या होत्या. नागभीडला ती उतरली. खिडकीखाली येऊन तिने जयाला सांगितलं की नागपुरात पोचल्यावर फोन कर. मग टोपली डोक्यावर घेऊन ती मासोळीबाजाराच्या दिशेने चालू लागली.